टेललाइटला एलईडी लावताना : एका गाडीची पूर्ण नोंद

रात्रीची वेळ, रिकामा रस्ता. मी पुढे, धाकटा भाऊ त्याच्या गाडीतून मागे आणि त्याच्या शेजारी पुतणी, मांडीवर वही घेऊन. तिचं काम एवढंच की पुढच्या गाडीचा ब्रेकलाइट लागलेला दिसला की एक रेघ ओढायची. घरी आल्यावर ताळा केला. मी ब्रेक दाबला होता बारा वेळा. वहीत रेघा होत्या सात.

आदल्याच दिवशी मी टेललाइटमधले जुने बल्ब काढून एलईडी बसवले होते. गाडीमागे उभं राहून पाहिलं तेव्हा दिवे झगझगीत वाटले होते, आधीपेक्षा कितीतरी जास्त. मग पाच वेळा ब्रेक लागूनही मागच्या गाडीतल्या दोघांना तो कळला कसा नाही? या प्रश्नाने पुढचे कित्येक आठवडे मला कामाला लावलं. असा बदल घरी करायला बसणाऱ्याला यातलं बरंच काही आधीच माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

मूळ दुखणं वेगळंच होतं

गाडी बारा वर्षं झालेली हॅचबॅक. मागच्या दिव्यात प्रत्येक बाजूला तीन बल्ब: पार्किंग आणि ब्रेक मिळून दोन फिलामेंटचा एक पी२१/५डब्ल्यू, इंडिकेटरला नारिंगी पीवाय२१डब्ल्यू आणि रिव्हर्सला पी२१डब्ल्यू. शिवाय मागच्या काचेच्या वर तिसरा ब्रेकलाइट.

हे सगळं सुरू झालं ते डावा दिवा मंद पडल्यामुळे. नवा बल्ब घातला तरी तो उजव्याच्या मानाने पिवळटच दिसे. मी निष्कर्ष काढला की फिलामेंटचा जमाना संपला, एलईडी लावून टाकू. मल्टीमीटर हातात न घेता काढलेला हा निष्कर्ष चुकीचा होता.

वहीतल्या सात रेघांनंतर जुने बल्ब परत बसवले आणि मग मीटर लावला. इंजिन बंद, बॅटरीवर १२.४ व्होल्ट. पुतणीला ब्रेक दाबून बसायला सांगितलं आणि डाव्या होल्डरवर मोजलं: ११.१. म्हणजे १.३ व्होल्ट वाटेतच गळत होते. मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थला (गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर) आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, तर एकट्या अर्थमध्येच ०.९ व्होल्ट निघाले. हे मोजमाप बल्ब पेटलेला असतानाच घ्यावं लागतं. बल्ब बंद असला की वायरमधून प्रवाह नसतो आणि प्रवाह नसला की व्होल्टेजही पडत नाही, त्यामुळे सगळं ठणठणीत असल्याचा भास होतो.

फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. सोप्या भाषेत, व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड तीस टक्के जातो. डावा दिवा मंद दिसायला एवढं कारण भरपूर होतं. डिकीच्या आतलं प्लास्टिक काढून अर्थचा बोल्ट सोडवला. रिंगखाली हिरवट पांढरी पूड साचली होती आणि बोल्टभोवतीचा पत्रा गंजून तपकिरी झाला होता. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत होईपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. होल्डरवर १२.० व्होल्ट आले आणि जुना बल्ब उजव्याच्या बरोबरीने पेटला.

ज्याला फक्त मंद दिव्याचा त्रास आहे त्याने इथेच थांबावं. मी पुढे गेलो त्याला कारण होतं. फिलामेंट तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद घेतं, एलईडी मात्र प्रवाह मिळताक्षणी पेटतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे ०.२ सेकंदात साडेचार मीटरच्या आसपास. मागून येणाऱ्याला थांबायला साडेचार मीटर जास्त मिळणार असतील, तर त्यासाठी खटपट करायला माझी तयारी होती.

सात रेघांचं गणित

दिवे मोजायचे ठरवले. रात्री आजूबाजूचे सगळे दिवे बंद केले, दिव्याच्या उंचीवर बरोबर ३ मीटर अंतरावर साधा लक्समीटर (उजेड मोजायचं उपकरण) ठेवला आणि इंजिन चालू ठेवून १३.८ व्होल्टवर वाचनं घेतली. ३ मीटरवरच्या लक्सला ९ ने गुणलं की त्या दिशेची तीव्रता कॅन्डेलामध्ये मिळते. असा मीटर प्रयोगशाळेतला नसतो आणि लाल रंगात तो थोडा चुकतोही, पण सगळे दिवे त्याच लाल काचेतून मोजलेले असल्यामुळे तुलनेपुरता तो पुरतो.

जुना बल्ब, अर्थ दुरुस्त केल्यानंतर: पार्किंग ०.६ लक्स, ब्रेक ७.८. कॅन्डेलात सांगायचं तर ५ च्या थोडं वर आणि ७०. गुणोत्तर १ ला १३. या बल्बच्या दोन फिलामेंटचा ठरलेला प्रकाश ३५ आणि ४४० ल्युमेन असतो, त्याचंही गुणोत्तर साडेबाराच्या आसपास येतं. तेव्हा मोजण्याची रीत बरोबर आहे याची खात्री पटली.

पहिला एलईडी बल्ब, पांढरा: पार्किंग १.७ लक्स, ब्रेक ५.१. म्हणजे १५ आणि ४६ कॅन्डेला, गुणोत्तर १ ला ३.

ही वाचनं कागदावर शेजारी शेजारी लिहिली आणि बराच वेळ बघत राहिलो. पार्किंग लाइट जुन्याच्या जवळजवळ तिप्पट झाला होता आणि ब्रेकलाइट जुन्यापेक्षा एक तृतीयांश कमी. गाडीमागे उभं राहून मला जे झगझगीत वाटलं होतं तो पार्किंग लाइट होता. मागच्या ड्रायव्हरला मात्र दिवा किती प्रखर आहे यापेक्षा तो बदलला की नाही हे कळावं लागतं. अंधारात सतत एक प्रखर लाल ठिपका बघत राहिलेल्या डोळ्याला त्या ठिपक्याचं तिप्पट होणं सहज निसटतं, विशेषतः हलका ब्रेक असेल आणि अंतर कमी झालेलं अजून जाणवत नसेल तेव्हा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी क्रमांक ७ मध्ये टेललाइटला, म्हणजे इथल्या पार्किंग लाइटला, सरळ मागच्या दिशेत किमान ४ कॅन्डेला आणि ब्रेकलाइटला किमान ६० कॅन्डेला सांगितले आहेत. दोन्ही एकाच दिव्यात असतील तर मधल्या भागात ब्रेकची तीव्रता टेलच्या किमान पाचपट हवी. माझा पहिला जोड ब्रेकच्या तीव्रतेतही नापास होता आणि पटीतही.

पांढरा बल्ब ब्रेकला कमी का पडला? पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावर फॉस्फरचा पिवळसर लेप. त्या उजेडात निळा आणि पिवळा भरपूर असतो, लाल थोडाच. टेललाइटची लाल काच लाल सोडून बाकी सगळं गिळते. त्यामुळे होल्डरबाहेर डोळे दिपवणारा बल्ब काचेमागे गेला की फिका पडतो. फिलामेंटचं उलट असतं. त्याच्या पिवळट उजेडात लालचा वाटा मोठा, म्हणून लाल काचेमागे तो शोभतो. लाल काचेमागे लालच एलईडी आणि नारिंगी काचेमागे नारिंगीच, हा नियम मी आता डोळे झाकून पाळतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. काही गाड्यांत टेललाइटच्या खालच्या बाजूला पारदर्शक पट्टी असते आणि नंबरप्लेटवर तिथूनच उजेड पडतो. तिथे लाल बल्ब घातला तर नंबरप्लेट लाल दिसेल.

चिप्स कुठे आहेत, यावर सगळं

दुसरा जोड लाल आणला. समोरून मोजला तर पार्किंग १.५, ब्रेक ९.६ लक्स. साडेसहापट. मी समाधानाने मीटर बंद करणार होतो, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "दादा, बाजूने पण बघ ना. दुचाकीवाला काय नेमका मागेच असतो का?"

मीटर ४५ अंश बाजूला नेला, अंतर तेच. जुना बल्ब तिथे ब्रेकला ०.९ लक्स देत होता. नवा ०.१.

कारण बल्ब हातात घेतल्यावर दिसलं. त्याच्या बहुतेक सगळ्या चिप्स टोकाला, सरळ मागे बघणाऱ्या होत्या. टेललाइटचा रिफ्लेक्टर, म्हणजे आतली चकचकीत वाटी, फिलामेंट मनात धरून घडवलेला असतो. पी२१ जातीच्या बल्बचं फिलामेंट बेसच्या ठरलेल्या पातळीपासून ३१.८ मिलिमीटरवर असतं आणि ते चहूकडे उजेड फेकतं. तो बाजूचा उजेड वाटीवर आपटतो, तिथून काचेवरच्या बारीक नक्षीतून फाकतो आणि पूर्ण दिवा भरून पेटल्यासारखा दिसतो. टोकालाच चिप्स असलेल्या बल्बमुळे वाटीला काही मिळतच नाही. मध्ये एक जळजळीत ठिपका आणि भोवती अंधार. जरा दुरून फोटो काढून पाहिला तर माझ्या गाडीचा दिवा जेमतेम अर्धा उरला होता.

तिसऱ्या जोडीला बाजूंवर चारी दिशांनी चिप्स होत्या, साधारण फिलामेंट असतं त्याच उंचीवर, आणि आत प्रवाह स्थिर ठेवणारं छोटं सर्किट. पार्किंग १.० लक्स, ब्रेक ८.७, ४५ अंशांवर ब्रेक ०.८. तीव्रता ९ आणि ७८ कॅन्डेला, जवळजवळ नऊपट. हाच जोड राहिला. बल्ब निवडताना खोक्यावरच्या वॅट आणि ल्युमेनच्या आकड्यांपेक्षा चिप्सची जागा बघावी, हे मी या तिन्ही जोड्या मोजल्यावर शिकलो.

ब्रेक दाबला की नंबरप्लेट मिणमिणते

मधे एक विचित्र गोष्ट घडली. पहिला जोड गाडीत असताना उत्साहाच्या भरात मी पुढचे पार्किंग आणि नंबरप्लेटचे बल्बही एलईडी केले होते. डॅशबोर्डचे दिवे मुळातच एलईडी. नंबरप्लेटचा शेवटचा फिलामेंट बल्ब काढला त्या संध्याकाळी दिसलं की गाडीचे सगळे दिवे बंद असताना ब्रेक दाबला की नंबरप्लेट मंद उजळते. ब्रेक सोडला की विझते.

बल्ब काढून टेबलावर घेतला. ब्रेकच्या टोकाला १२ व्होल्ट दिले, पार्किंगच्या टोकापासून अर्थपर्यंत एक किलोओमचा रेझिस्टर लावला आणि त्यावर मीटर धरला. ४.२ व्होल्ट. म्हणजे ब्रेकच्या वायरीतला प्रवाह बल्बच्या आतून शिरून पार्किंगच्या वायरीत उलटा जात होता, ४ मिलिअँपिअरच्या आसपास. चांगल्या बल्बमध्ये दोन्ही वाटांवर डायोड असतो आणि तो हा उलटा रस्ता बंद ठेवतो. इथे तो नव्हता.

मग हे आधी का दिसलं नाही? थंड फिलामेंटचा रोध अगदीच कमी असतो. लाइनवर असा एक जरी बल्ब असला तरी ४ मिलिअँपिअर तो गिळून टाकतो, कुठे उजेड दिसत नाही. शेवटचा फिलामेंट गेला आणि हा चोर प्रवाह उघडा पडला, कारण एलईडीला मिणमिणायला तेवढा पुरतो. हेच लक्षण खराब अर्थमुळेही येतं, अगदी सगळे बल्ब जुने असतानाही. म्हणून बल्बला दोष देण्याआधी अर्थवरचं व्होल्टेज मोजावं, मग टेबलावरची परीक्षा घ्यावी. तिसऱ्या जोडीने ती शून्य व्होल्टवर पार केली.

इंडिकेटर जुनेच ठेवले

इंडिकेटरला नारिंगी एलईडी लावताच तो घाईघाईने टकटकू लागला. मिनिटाला ८४ ठोके पडत होते ते दुपटीवर गेले. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागायला हवा आणि २१ वॅटचा बल्ब गेला की फ्लॅशरने, म्हणजे इंडिकेटर टकटकवणाऱ्या रिलेने, वेग वाढवून ड्रायव्हरला सांगावं, अशीच त्याची रचना असते. एलईडी फार कमी प्रवाह घेतो, फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ६ ओमचा, ५० वॅटचा रेझिस्टर एलईडीला समांतर जोडणं. मी जोडून पाहिला. १३.८ व्होल्टवर तो २.३ अँपिअर घेतो, म्हणजे ३२ वॅटची उष्णता. इंडिकेटर अर्धा वेळच पेटतो असं धरलं तरी सरासरी १६ वॅट. दहा मिनिटं हॅझर्ड चालू ठेवले तर रेझिस्टरला बोट लावता येईना आणि शेजारची प्लास्टिकची क्लिप मऊ पडून वाकली होती. तो बसवायचाच तर उघड्या पत्र्यावर, वायरींपासून लांब, स्क्रूने घट्ट. ब्रेकच्या लाइनवर तर अजिबात नको, कारण वाहतुकीत ब्रेक मिनिटामिनिटाने दाबून धरावा लागतो.

पण मला खरी अडचण वाटली ती उष्णतेची नाही. रेझिस्टर लावला की फ्लॅशर कायमचा फसतो. पुढे कधी एलईडी बंद पडला तरी रेझिस्टर प्रवाह घेतच राहील, डॅशबोर्डवर बाण शांतपणे टकटक करत राहील आणि मागे काहीच पेटत नसेल. बल्ब गेल्याचं सांगणारी जी एक व्यवस्था या गाडीत आहे, ती मी स्वतःच्या हाताने बंद पाडली असती. बल्ब किती प्रवाह घेतो यावर न चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घातला तरी हाच तोटा. म्हणून इंडिकेटरला जुना बल्ब परत गेला आणि तिथेच राहिला. रिव्हर्सला हात लावला नाही.

तिसरा ब्रेकलाइट स्वतः बनवला

सगळ्यात जास्त समाधान इथे मिळालं. या दिव्याचं काम एकच आहे, ब्रेक दाखवणं. पार्किंगशी तुलनेची भानगड नाही, फ्लॅशर नाही, उलट्या प्रवाहाचा प्रश्न नाही. वरच्या साडेचार मीटरचा फायदा इथे निर्भेळ मिळतो. परत कधी हे काम केलं तर मी सुरुवात इथून करीन.

बोर्डावर १५ लाल एलईडी, तीन-तीनच्या पाच ओळी. प्रत्येक एलईडीवर साधारण २.१ व्होल्ट पडतात, तिघांवर ६.३. उलट जोडणीपासून बचावासाठी सुरुवातीला एक डायोड, त्याचे ०.७. एकूण ७. उरलेले ६.८ व्होल्ट ३३० ओमच्या रेझिस्टरवर, म्हणजे ओळीतून २० मिलिअँपिअरच्या थोडं वर. रेझिस्टरवर ०.१४ वॅट जातात, तरी मी पाव वॅटचा न घेता अर्ध्या वॅटचा घेतला, कारण बंद काचेच्या आत उन्हात हवा आधीच तापलेली असते.

एका ओळीत चार एलईडी घेण्याचा मोह होतो, वीज कमी वाया जाते. पण मग रेझिस्टरच्या वाट्याला १३.८ व्होल्टवर ४.७ आणि इंजिन बंद असताना ११.५ व्होल्टवर फक्त २.४ उरतात, प्रवाह निम्मा होतो. तीन घेतले तर तो एक तृतीयांशानेच घटतो. रेझिस्टरही पाचही ओळींना मिळून एकच लावू नये. ओळींमध्ये बारीक फरक असतोच, एखादी ओळ जास्त प्रवाह ओढते आणि लवकर जळते. स्वतंत्र रेझिस्टर असला की एक एलईडी गेला तर तीनच विझतात, बारा चालू राहतात. बोर्डाच्या सुरुवातीला व्होल्टेजचे झटके शोषणारा सप्रेसर डायोडही लावला. चालू इंजिनवर बॅटरीची वायर सैल झाली तर लाइनवर क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट चढतात.

पहिला बोर्ड फुकट गेला. एलईडी निमुळत्या झोताचे निवडले होते. वाकून त्यांच्या रेषेत डोळा नेला तर लख्ख, उभं राहिलं तर मंद. रुंद झोताचे घेऊन दुसरा केला. ३ मीटरवर ३.६ लक्स, म्हणजे ३२ कॅन्डेला. या दिव्याला नियम ७ प्रमाणे किमान २५ लागतात. सोल्डर केलेली बाजू वार्निशने झाकली, वायरला रबरी बुशिंग दिलं आणि जिथे वायर बोर्डाला मिळते तिथे टाका खेचला जाऊ नये म्हणून ती आधी बोर्डालाच बांधली. डिकीचं दार रोज आपटतं, सोल्डरचे टाके त्यानेच तुटतात.

दोन गोष्टी राहिल्या. एलईडी काचेला फारसं तापवत नाही, त्यामुळे आत आलेलं दव पूर्वीसारखं लवकर वाळत नाही. टेललाइटच्या मागचं रबर पॅकिंग बदललं आणि हवा खेळायची बारीक नळी उघडी आहे ना ते पाहिलं. दुसरी गोष्ट नियमांची. दिव्याला मान्यता मिळते ती ठरावीक जातीच्या बल्बसकट, म्हणून फिलामेंटच्या दिव्यात एलईडी घातला की ती मान्यता आपोआप त्याला लागू होत नाही, मोजमापं कितीही चांगली असोत. आपल्याकडच्या वाहन तपासणीचा नियम आधी विचारून घ्यावा. मूळ दिव्यात मी काही कापलं किंवा चिकटवलं नाही ते याचसाठी. जुने बल्ब डब्यात आहेत, दहा मिनिटांत परत बसतात.

शेवटी पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच वेळी गेलो. मी पुढे, भाऊ मागे, पुतणी वही घेऊन. या वेळी ब्रेक मोजायला मी स्टिअरिंगशेजारी कागद चिकटवला होता आणि थांबेपर्यंत आकडा मनात घोकत होतो. बारा.

पुतणीने वही पुढे केली. तेरा रेघा होत्या.

"काका, वळणाच्या आधी एकदा अगदी हळू दाबलात ना?" ती म्हणाली. मग आठवलं. रस्त्यातला खड्डा बघून पाय सवयीने पेडलवर टेकला होता, मोजायचं राहून गेलं होतं.